पाण्याने आखडणारा धागा

कोळ्याच्या जाळ्याची चौकट ज्या धाग्याने बांधलेली असते, तो धागा भिजला की आखडतो. थोडाथोडका नाही, काही जातींमध्ये जवळजवळ निम्मा होतो. मुंबईत टेक्स्टाइलच्या पदव्युत्तर अभ्यासाला असताना माझ्या प्रबंधाचा विषय हाच होता. हा गुण कोळ्याशिवाय, बाजारात मिळणाऱ्या साध्या रसायनांच्या धाग्यात आणायचा. काम नेमकं कसं झालं ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण यातली खरी गंमत निकालापेक्षा करण्यात आहे.

मी इचलकरंजीची. घरात माग असल्यामुळे सूत आणि ओलावा यांचं नातं मी लहानपणापासून बघत आलेय. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, सटासट तुटायला लागतो, मग शेडमध्ये फवारे चालू करायचे, फरशीवर पाणी मारायचं. सायझिंगहून, म्हणजे सुताला खळ लावून, आलेला भीम (ताणा गुंडाळलेला मोठा रूळ) कितीही चांगला असला तरी हवा कोरडी असेल तर माग नीट चालत नाही. कापूस ओला झाला की ताकद धरतो. व्हिस्कोस उलट, ओलं झालं की दुबळं होतं. आणि पावसात भिजलेली सुंभाची दोरी ताठ होते, हे तर खाट विणणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

विषय ठरवताना मी सरांना हे दोरीचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, "त्या दोरीतला पीळ काढ आणि मग भिजव. आखडेल?"

नाही आखडणार. दोरी आखडते ती पिळामुळे. तंतू पाणी पिऊन फुगतो, जाड होतो, वळशांना जास्त जागा लागते आणि ती भरपाई दोरी लांबीतून करते. सुटा तंतू फुगतो, पण आखडत नाही. "कोळ्याच्या धाग्यात पीळ नसतो," सर म्हणाले, "तरी तो आखडतो. म्हणजे आखडण्याचं कारण धाग्याच्या बांधणीत नाही, रेणूतच आहे. तू आधी तो धागा हातात घे, मग आपण बोलू."

म्हणून सुरुवात कोळ्यापासून झाली. पावसाळा संपत आला की आमच्या आवारातल्या झुडपांवर आर्जिओपी जातीच्या माद्या मोठी गोल जाळी बांधून बसलेल्या असायच्या. जाळ्याच्या मध्यावर फुलीच्या आकाराची पांढरी नागमोडी नक्षी, आणि तिच्यावर पाय जोडीजोडीने लांबवून बसलेली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मादी. तिला हलकेच काडीवर घ्यायचं आणि काडी जराशी झटकायची. मादी खाली उडी मारते, पण पडत नाही. मागे धागा सोडत अलगद उतरते. आम्हाला हवा होता तो हाच धागा, कारण कोळी जाळ्याची चौकट आणि चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे-उभे आधार याच धाग्याने बांधतो. भक्ष्य चिकटतं तो गोल फिरत गेलेला धागा वेगळा, त्यावर डिंकाचे थेंब असतात, आणि तो पाण्याला वेगळ्या तऱ्हेने वागतो. धागा कार्डावर गुंडाळून घेतला की मादीला त्याच झुडपावर परत सोडायचं.

काही मायक्रोमीटर जाडीचा हा धागा. खिडकीतून उन्हाची तिरीप आली तरच दिसतो, नाहीतर बोटांना हवाच लागते. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर तो एक नसून शेजारीशेजारी जाणारे दोन तंतू असतात, दोन ग्रंथींतून आलेले. त्याची चाचणी करायची तर टेक्स्टाइलवाल्यांची जुनी रीत वापरायची. जाड कागदात चौकोनी खिडकी कापायची, धागा खिडकीवर आडवा ठेवायचा, दोन्ही टोकांना फेविक्विकचा थेंब, आणि कागद यंत्राच्या पकडीत बसवल्यावर खिडकीच्या दोन्ही कडा कात्रीने कापायच्या. मग ताण फक्त धाग्यावर येतो. कडा कापताना श्वास रोखून धरायचा. नाकातून सुटलेली हवासुद्धा धागा हलवते, आणि ती हवा दमट असते.

ओलावा नेमका किती, हे ठरवण्याची युक्ती मला फार आवडली. त्याला महागडं यंत्र लागत नाही. बंद बाटलीत मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं, म्हणजे तळाशी न विरघळलेलं मीठ शिल्लक राहील इतकं घट्ट, की वरच्या हवेची आर्द्रता एका ठराविक आकड्यावर स्थिरावते. साधं खायचं मीठ असेल तर 75 टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड 33, लिथियम क्लोराइड 11, पोटॅशियम क्लोराइड 85 च्या आसपास आणि पोटॅशियम सल्फेट 97. पावसाळ्यात कोकणात मिठाला पाणी सुटतं तेही याच हिशेबाने: हवा 75 च्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. माझ्या टेबलावर अशा बाटल्यांची रांग होती. प्रत्येक बाटलीच्या झाकणाला आतून आकडा लावलेला, त्याला टांगलेला धागा, खाली वजनाला बारीक तारेचा तुकडा आणि मागे मोजपट्टी.

कोरड्या बाटल्यांत धागा ढिम्म. खायच्या मिठाच्या, 75 च्या बाटलीत मात्र तार वर सरकायला लागली, आणि 85 च्या बाटलीत तर डोळ्यांदेखत चढली. ही उडी साधारण 70 टक्क्यांच्या पुढे येते असं वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि तार चढताना बघणं वेगळं. त्या दिवशी मी विभागातल्या दिसेल त्याला बोलावून ती बाटली दाखवली.

या आखडण्याला सुपरकॉन्ट्रॅक्शन म्हणतात. रॉबर्ट वर्क यांनी 1977 मध्ये टेक्स्टाइल रिसर्च जर्नलमध्ये त्यावर लिहिलं होतं. म्हणजे या गोष्टीकडे वस्त्रोद्योगाच्या लोकांचं लक्ष बरंच आधी गेलं होतं, याचा मला आमच्या शाखेची म्हणून अभिमान वाटतो. कारण थोडक्यात असं: या धाग्याचं प्रथिन दोन तऱ्हेच्या भागांचं बनलेलं असतं. ॲलनिन या अमिनो आम्लाच्या ओळी एकमेकींना घट्ट चिकटून बारीक स्फटिक होतात आणि पाणी त्यांना सोडवू शकत नाही. मधले, ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाने भरलेले भाग मोकळे. धागा ओढताना कोळी हे मोकळे भाग सरळ ताणतो, आणि सुकताना ते हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या कमजोर जोडण्यांनी, त्याच स्थितीत अडकून बसतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या मोकळ्या होऊन गोळा होतात. ताणलेल्या रबराला आत ओढणारं बळ तेच हे. स्फटिक गाठी धरून ठेवतात म्हणून धागा विरघळत नाही, नुसता आखडतो.

याचा अर्थ, आखडायची शक्ती पाण्यातून येतच नाही. ती धागा ओढताना त्यात भरली जाते आणि कोरडेपणा तिला कुलूप लावून ठेवतो. पाणी फक्त कुलूप काढतं. ही गोष्ट पटल्यावर माझ्या कामाची दिशाच बदलली. कुठलं रसायन घ्यायचं याच्याइतकाच, तो धागा कसा ओढायचा हाही प्रश्न होता.

कोळ्याला याचा उपयोग काय, यावर जाणकारांचं एकमत नाही. दव पडून जड झालेलं जाळं सैल पडू नये, उलट ताणलं जावं म्हणून, असं काही म्हणतात. हा धाग्याच्या घडणीचा आपोआप येणारा परिणाम आहे, असं काहींचं मत. पहाटे दवाने भरलेली जाळी घट्ट ताणलेली मी बघितली आहेत, त्यामुळे माझा कल पहिल्या बाजूला आहे.

कोळ्याचं प्रथिनच कृत्रिमरीत्या बनवायचं हा एक रस्ता. जपानमधल्या त्सुरुओकाची स्पायबर या कंपनीने तोच रस्ता धरला. सूक्ष्मजीवांकडून प्रथिन तयार करून घ्यायचं आणि त्याचा धागा काढायचा. द नॉर्थ फेसबरोबर त्यांनी मून पार्का हे जाकीट 2015 मध्ये दाखवलं, पण विक्रीला यायला 2019 उजाडलं. अडचण आमच्या विषयाचीच होती: पाण्यात धागा आखडत होता, आणि जाकीट पावसात आखडून चालत नाही. त्यांनी प्रथिनाची रचना बदलून आखडणं आटोक्यात आणलं. त्यांना नको असलेला गुण आम्हाला हवा होता, म्हणून मला दुसरा रस्ता बरा वाटला. 2023 च्या शेवटी नेचर या विज्ञान नियतकालिकात एक शोधनिबंध आला. पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन या दोन पदार्थांच्या पातळ फिल्म भिजताच काही सेकंदांत निम्म्याहून जास्त आखडतात, आणि मग मऊ, ताणता येण्यासारखी जेल होते. दोन्ही पदार्थ सहज मिळणारे. फिल्मऐवजी धागा करून बघायचा असं ठरलं.

पॉलिइथिलीन ऑक्साइड म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा, पाण्यात विरघळणारा पॉलिमर. त्याचा आखूड साखळीचा प्रकार मलमांत आणि पोट साफ होण्याच्या औषधांत असतो. सायक्लोडेक्स्ट्रिन स्टार्चपासून करतात. 6 ग्लुकोजचं एक कडं, आत जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची पोकळी. ही कडी पॉलिमरच्या साखळीवर आपणहून ओवली जातात. ओसाकाच्या अकिरा हाराडा यांनी 1990 मध्ये हे दाखवलं होतं. ओवलेली कडी एकमेकांना लागून रचली जातात आणि तिथे स्फटिक तयार होतो. म्हणजे कोळ्याच्या धाग्यात ॲलनिनच्या गाठी जे करतात ते इथे ही कडी करतात, आणि मोकळ्या राहिलेल्या साखळ्या ग्लायसिनच्या भागांचं काम करतात. कोळ्याचं प्रथिन न घेता कोळ्याची रचना तेवढी उचलायची, हा विचार मला आजही सुंदर वाटतो.

आता करणं. पॉलिमरची पावडर पाण्यात एकदम टाकली की गुठळ्या धरतात: बाहेरून चिकट, आत कोरड्या. म्हणून ढवळणी चालू ठेवून, पाण्याच्या भोवऱ्यात चिमटी-चिमटीने भुरभुरायची. मग रात्रभर संथ ढवळत ठेवायचं. सकाळी काचेच्या कांडीला धरून उचललं तर हातभर तार सुटते. सायक्लोडेक्स्ट्रिन वेगळ्या कोमट पाण्यात विरघळवून यात ओतायचं. दोन्ही द्रावणं स्वच्छ, पाण्यासारखी पारदर्शक. मिसळल्यावर काही वेळ काहीच होत नाही, आणि मग भांड्याच्या तळापासून दुधाळ धुकं चढायला लागतं. कडी ओवली जात आहेत, याची ती खूण. हळूहळू सगळं पांढरं आणि घट्ट होतं. हा घट्ट होण्याचा काळच धागा काढायचा काळ. लवकर काढला तर धागा पसरतो, उशीर झाला तर पिचकारीतून तुकडे पडतात. किती वेळ थांबायचं ते तापमानावर आणि प्रमाणावर ठरतं. घड्याळ लावून चालत नाही, कांडीला विचारावं लागतं.

पिचकारीतून टेफ्लॉनच्या चादरीवर सरळ रेघ ओढायची आणि सुकू द्यायची. सुकू द्यायची, हे लिहायला सोपं आहे. मुंबईत जुलैत हवा इतकी दमट असते की कापडही सुकत नाही, तर पाण्यावर लोभ असलेला पॉलिमर काय सुकणार! आमच्या लॅबच्या काकांनी यावर एक जुनं लाकडी कपाट शोधून दिलं. दाराच्या फटींना रबराची पट्टी लावली, आत सिलिका जेलच्या थाळ्या आणि छोटा पंखा. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये भाजून परत निळं करायचं. त्या कपाटाशिवाय हा प्रबंध झाला नसता. पुढचं सगळं काम, धागा साठवणं, ओढणं, मोजणं, तिथेच किंवा त्याच्या शेजारी ठेवलेल्या, हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत झालं.

सुकलेला धागा ओढणं हा माझा सगळ्यात आवडता टप्पा. गरम करायचा नाही, थंडच ओढायचा. दोन्ही टोकं पकडून सावकाश ताण द्यायचा. सुरुवातीला धागा दाद देत नाही. मग अचानक एका जागी तो बारीक होतो, मान पडते, आणि ती मान धाग्याच्या दोन्ही बाजूंना सरकत जाते. जिथून मान पुढे गेली तिथला धागा बारीक, शुभ्र पांढरा आणि कणखर, पुढचा अजून जाड आणि धुरकट. घाई केली तर मानेतच तुटतो. पांढरेपणा येतो तो आत उघडलेल्या सूक्ष्म छिद्रांमुळे, आणि पुढे पाणी पटकन आत शिरतं तेही त्याच छिद्रांमुळे. मूळ लांबीच्या काही पट ओढून, त्याच ताणात एका चौकटीवर बांधून काही काळ ठेवायचा, म्हणजे साखळ्या त्या स्थितीत बसतात. घरी सायझिंगच्या यंत्रावर ताणातच सुकत जाणारं सूत मी हजारदा बघितलं होतं. ताणात सुकवणं म्हणजे सुताला एक स्थिती लक्षात ठेवायला लावणं असतं, हे मला या चौकटीपाशी कळलं.

चाचणीला मी नेहमी दोन धागे शेजारी टांगायचे. एक सायक्लोडेक्स्ट्रिन घातलेला, दुसरा नुसत्या पॉलिइथिलीन ऑक्साइडचा, दोन्ही सारखेच ओढलेले, दोन्हींना सारखंच छोटं वजन. ड्रॉपरने थेंब सोडला की दोन्ही झटकन वर येतात. इथपर्यंत फरक नाही. मग नुसत्या पॉलिमरचा धागा घसरट होतो, त्याचा गोळा बनतो, वजन सुटून खाली पडतं आणि थोड्या वेळाने तिथे चिकट पाण्याशिवाय काही उरत नाही. दुसरा निम्म्याहून कमी लांबीवर येऊन थांबतो आणि तसाच राहतो. चिमटीत धरला तर मऊ, ओढला तर लांब होणारा, सोडला तर परत येणारा. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये आखडण्याची लाट धाग्यावरून चढताना स्पष्ट दिसते. पाणी जिथवर पोचलं तिथवरचा धागा पारदर्शक, पुढचा पांढरा. सरांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघितला आणि म्हणाले, "आता बाटल्यांत टाक."

बाटल्यांत तो कोळ्यासारखा वागला नाही, आणि हे नोंदवणं महत्त्वाचं आहे. मिठाच्या 75 टक्क्यांत कोळ्याचा धागा चढला होता, आमचा जेमतेम हलला. पोटॅशियम सल्फेटच्या 97 मध्ये तो आखडला, पण सावकाश. आमचा धागा पाण्याच्या स्पर्शाला तत्पर आहे, दमट हवेला आळशी. वापराच्या दृष्टीने हे वाईट नाही. 75 टक्के हवेत आपोआप आखडणारा धागा मुंबईत ठेवायचा कुठे?

एकदा आखडलेला धागा वाया जात नाही. ओला असतानाच परत ताणायचा, ताणातच सुकवायचा, की तो पुन्हा तयार. कोळ्याच्या धाग्यावर हे काम माद्रिदच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या एलिसेस, गिनेआ आणि पेरेझ-रिगेरो यांच्या गटाने फार नेटकं केलं आहे. आधी धागा पाण्यात पूर्ण आखडू द्यायचा, म्हणजे त्याचा सगळा पूर्वेतिहास पुसला जातो. मग पाण्यातच हवा तेवढा ताणून सुकवायचा, की हवे ते गुण मिळतात. मी हीच पद्धत आमच्या धाग्याला लावली आणि वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या धाग्यांमधला फरक पुष्कळ कमी झाला.

कोळ्याच्या धाग्यात आणखी एक गोष्ट आहे जी आमच्यात अजून आलेली नाही. पहिल्या मोठ्या आखडण्यानंतर तो ओलावा कमी-जास्त होताना पुन्हा पुन्हा थोडा हलतो, आणि उलट्या दिशेने: सुकताना आखडतो, दमट झाला की सैलावतो. अमेरिकेतल्या ॲक्रन विद्यापीठाच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं की या हालचालीने धागा वजनं उचलू शकतो, स्नायूसारखा. 2019 मध्ये अमेरिकेतल्याच एमआयटी विद्यापीठाच्या मार्कुस ब्यूलर यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामात तर दमट हवेत धागा स्वतःभोवती वळताना दिसला. पीळ नसलेला धागा पाण्याने पीळ खातो!

नेचरमधल्या फिल्मचा उपयोग शरीराच्या आत दाखवला आहे. कोरडी असताना सपाट आणि हाताळायला सोपी, मज्जातंतूवर किंवा स्नायूवर ठेवून भिजवली की स्वतःहून आखडून घट्ट बसते आणि ऊतीसारखी मऊ होते, त्यामुळे टाके न घालता इलेक्ट्रोड चिकटून राहतो. मज्जातंतू इतका नाजूक असतो की त्याच्याभोवती काही आवळून बांधणं हीच इजा. आमचा धागा मी सिलिकॉनच्या बारीक नळीभोवती सैल गुंडाळून भिजवला, तेव्हा तो नळीला न चेपता सगळीकडून टेकला. किती दाबाने टेकतो ते मोजायचं काम माझ्यानंतरच्या विद्यार्थिनीकडे आहे.

सगळा तोल सायक्लोडेक्स्ट्रिनच्या प्रमाणावर येऊन थांबतो. जास्त घातलं तर गाठी जास्त, धागा पाण्यात टिकाऊ पण आखडतो कमी आणि ओढताना ठिसूळ. कमी घातलं तर आखडतो भरपूर, पण ओला झाल्यावर लोळागोळा व्हायला लागतो. मला मिळालेलं मधलं प्रमाण आमच्या पॉलिमरच्या साखळीच्या लांबीला लागू आहे. साखळी बदलली की परत पहिल्यापासून शोधावं लागतं. सध्या माझ्यानंतरची विद्यार्थिनी जास्त लांब साखळीचा पॉलिमर घेऊन बघते आहे, आणि त्या कपाटाला आता दुसरा पंखा बसवला आहे.